हात खाली का येतात

ता. ३, सोमवार

नातीनं ही कोरी वही दिली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या डोक्यात जे काही चालतं ना, ते यात लिहा. आईच्या मागे भुणभुण नको. तिला आधीच डोकेदुखी आहे." म्हणजे माझं बोलणं आता कुणाला नको आहे. ठीक. लिहितो. शाळा अर्धवट सुटली तरी अक्षर माझं वाईट नाही. दुकानात गिऱ्हाइकांची मापं जन्मभर मीच लिहून घेत होतो.

काल आपला संघ परत हरला. आपला म्हणजे क्लबच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ. माझी मुलगी त्यांची कोच आहे. नात त्यात खेळते, तिला सगळे भिंगरी म्हणतात. मुली बॉल बरा टाकतात, पण समोरच्यांना अडवत नाहीत. समोरची येते, उडी मारते, बॉल टाकते आणि हसत परत जाते. जणू आपलं घर सताड उघडं आणि राखण करणारं कुत्रं झोपलेलं. या अडवण्याला डिफेन्स म्हणतात आणि तो आपल्याकडे नावालाही नाही, असं जो तो म्हणतो.

दोष कोणाचा, यावर आता कमिटी बसणार आहे. कमिटी बसली की कुणीतरी उठतो, हे मी दुकानात पाहिलं आहे. पोरीची नोकरी गेली तर ही खोलीही गेली. आम्ही राहतो हॉलमधल्या बाकांच्या खाली. प्रेक्षकांचे बाक पायऱ्यांसारखे वर चढत जातात, त्यांच्या पोटातल्या जागेत क्लबनं कोचसाठी ही खोली काढून दिली आहे. छत तिरपं आहे. दाराशी ताठ उभं राहता येतं, माझ्या खाटेपाशी येईतो माणूस ओणवा होतो. मॅच असली की लोक आमच्या डोक्यावर बसतात.

पण नाही म्हणायला एक झरोका आहे. जाळीचा, मैदानाच्या जमिनीलगत. त्यातून मला खेळ दिसतो, पण कमरेपर्यंतच. वरची माणसं दिसत नाहीत. पाय दिसतात आणि चड्ड्या दिसतात. चड्ड्या मीच शिवल्या आहेत. झकास बसल्या आहेत.

ता. ८, शनिवार

हरलो. लिहायला हात उचलत नाही, पण लिहिलं नाही तर रात्रभर छत अंगावर येतं.

मी झरोक्याला डोळा लावून बसलो होतो. पोरीचा आवाज सगळ्या गोंगाटात वेगळा ऐकू येतो. एकच वाक्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत: "हात वर! हात वर ठेवा गं!" आणि मुलींचे हात? सारखे कमरेवर. मला कमरेपर्यंतच दिसतं, तरी हात दिसतात, म्हणजे ते खाली आहेत हे उघड आहे. समोरची मुलगी बॉल घेऊन आली की आपल्या मुलीचे हात क्षणभर वर जातात, म्हणजे माझ्या जाळीतून नाहीसे होतात, आणि लगेच खाली येतात. शर्टाचं टोक ओढतात, चड्डीत खोचतात, परत वर. तोवर वर टाळ्या, समोरच्यांच्या.

शर्ट नीट खोचून खेळतात, वळण चांगलं आहे. पण वळणानं मॅच जिंकत नाहीत.

पाय मात्र सगळ्यांचे चांगले चालतात. हे मी छातीठोक सांगतो, कारण पायाचं मला कळतं. मी पँटवाला. आमच्या दुकानात दोघं कारागीर होतो, मी पँटवाला आणि तो शर्टवाला. माझ्या कापडाला तो हात लावत नसे, त्याच्या कापडाला मी नाही. लोकांना वाटतं शिंपी म्हणजे सगळंच शिवतो. तसं नसतं. पण शर्टात असं काय मोठं? शर्ट म्हणजे हातांची पँट.

हंगामाच्या आधी हे मी सिद्धच केलं. दुकान बंद पडल्यावर पोरीनं मला इथं आणलं, तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. मशीनवर चादर. जेवण गळ्याखाली उतरत नव्हतं. एक दिवस पोरीनं कापडाचे दोन गठ्ठे खाटेवर आणून टाकले, एक पिवळा आणि एक काळा. म्हणाली, "बाबा, मुलींना कपडे शिवून हवेत. मला तुमच्याशिवाय कोण आहे?" उठलो. काळ्याच्या चड्ड्या, पिवळ्याचे शर्ट. शर्टाला नमुना हवा म्हणून क्लबच्या अध्यक्षांचाच एक शर्ट मागून घेतला, त्यावरून कापला. पण खेळायचं तर हवा खेळली पाहिजे, म्हणून मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात ती गोल फट, चांगला खालपर्यंत उतरवला. ऐसपैस. बाहीसकट. त्या दिवसापासून मी दोन वेळ जेवतो.

ता. ९, रविवार

शिडी आली होती. शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. दारातून आत येतानाही वाकते, मग खाटेपर्यंत जवळजवळ रांगत येते. हातात शर्ट. बगलेतली शिवण उसवलेली.

मी म्हटलं, "कशी काय उसवली? माझी शिवण आहे ती!"

"वर हात केला तेव्हा, आजोबा. ताणली गेली. मला वाटतं, इथं जरा..."

पोरगी आतून आलीच. "अगं, तू फार ओढाताण करतेस. बाबा, जरा शिवून द्या ना तेवढी."

शिडीनं तिच्याकडे पाहिलं आणि गप्प बसली. मी शिवण दुहेरी घातली, वर पट्टी लावली. आता बैल जुंपले तरी उसवायची नाही. शिडीला घालून दाखव म्हटलं. तिनं घातला, पण हात काही वर केला नाही. "छान झालाय," म्हणाली. लाजरी आहे. एवढी उंच पोर आणि लाजाळूचं झाड. डिफेन्स कसा होणार!

धुण्यात भिंगरीचा जाड बनियन सापडला. शर्टाच्या आत घालते म्हणे. मी रागावलो. एवढ्या उकाड्यात आत बनियन, मग दम लागणार नाही तर काय? तर म्हणते, "असू दे हो आजोबा, घाम टिपतो."

ता. १२, बुधवार

मला इथून हलवणार आहेत. नक्की.

दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. पोरगी आणि भिंगरी दाराशी होत्या.

भिंगरी म्हणाली, "पण आई, आपण हरतोय. सांगून टाकूया ना."

"नाही म्हणजे नाही. आजोबांना कळता कामा नये. सगळ्यांना सांगून ठेव. आत्ताशी कुठं माणूस उठून बसलाय."

"आणि कमिटीनं तुलाच काढलं तर?"

"ते मी बघते."

मग बाहेर गेल्या.

मी पडल्या पडल्या विचार केला. मला न सांगण्यासारखं काय असेल? एकच. कमिटीनं खोली सोडायला सांगितलेलं असणार आणि माझी पाठवणी मुलाकडे होणार. मुलाचं घर मोठं आहे, पण तिथं मला बसायला खुर्ची कोणती ते अजून ठरलेलं नाही. सून वाईट नाही, पण मी पाणी प्यायला उठलो तरी विचारते, "काही हवं होतं का?" तिथं मशीन ठेवायला जागा नाही. म्हणजे परत भिंत.

जेवण गेलं नाही. पोरगी कपाळाला हात लावून बघत होती. मी काही बोललो नाही. ती तरी कुठे बोलते आहे?

ता. १५, शनिवार

मॅच. हरलो. पण मोठी गोष्ट मॅचनंतरची.

मी पोरीला म्हटलं होतं, आज मीही वर येऊन बघतो. ती म्हणाली, "नको बाबा, गर्दी असते. गुडघा दुखेल. झरोका आहे ना." आणि बाहेरून दार ओढून घेतलं. कडी लावली नाही, पण ओढून घेतलं. आपल्याच घरात मी कोंबडीसारखा जाळीला नाक लावून बसलो. ही तिसरी खेप, दर वेळी काहीतरी कारण. म्हातारा वर आला तर लाज वाटते की काय?

मॅच संपल्यावर अध्यक्ष खाली आले. सवयीनं ताठ आले आणि छताला डोकं आपटलं, त्यामुळे सुरुवातच रागात झाली.

"बाई, हे काय चाललंय? पोरी समोरच्यांचं स्वागत करतायत नुसतं. हार घालायचे बाकी राहिलेत!"

"जबाबदारी माझी आहे," पोरगी म्हणाली.

"ते कळलं हो. कारण काय?"

"सराव कमी पडला. माझं चुकलं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, मुलींचे पाय उत्तम चालतात. मी रोज बघतो. हात आळशी आहेत. आणि त्यातही ती शिडी. उंची देवानं दिली आहे, पण हात वर करायचा तर जिवावर येतं."

"बाबा," पोरगी म्हणाली. एवढंच.

"बघा, आजोबांनासुद्धा दिसतंय!" अध्यक्ष म्हणाले. मग ते निघाले तेव्हा मी विचारलं, शर्ट कसे वाटतात? म्हणाले, "रंग फार उठून दिसतो. लांबून कळतं कोण हरतंय ते."

शेवटची मॅच उरली आहे, दोन आठवड्यांनी. ती हरली तर नवा कोच. हे त्यांनी डोकं चोळत सांगितलं आणि ओणवे होऊन गेले.

बाहेर शिडी उभी होती, पाणी पीत. तिनं सगळं ऐकलं होतं हे मला मागाहून कळलं. पण मीही पेटलो होतो. तिच्या तोंडावरच म्हटलं, "पोरी, तुझ्या आळसापायी माझ्या मुलीचं घर जातंय." तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले. मला वाटलं काहीतरी उलट बोलेल, बोललीच पाहिजे अशी वेळ होती. तिनं पोरीकडे पाहिलं, पोरीनं नुसती मान हलवली, आणि शिडी म्हणाली, "हो आजोबा. प्रयत्न करीन."

आपला दोष आहे हे माहीत असल्याशिवाय माणूस इतकं मुकाट ऐकून घेत नाही.

ता. १८, मंगळवार

पोरीनं माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं आहे. जेवायला वाढते, औषध देते, शब्द नाही. भिंगरी म्हणते, "आजोबा, शिडीला तुम्ही असं बोलायला नको होतं." मी म्हटलं, खरं बोललो. ती म्हणाली, "खरं!" आणि उठून गेली.

आज वर कुणी बसलं नव्हतं तरी मला पायांचे आवाज ऐकू आले.

ता. २२, शनिवार

लिहू का नको, कळत नाही.

आज क्लबाक्लबांतली मैत्रीची मॅच होती, हरण्या-जिंकण्याला किंमत नसलेली. अचानक शर्टवाला आला. दुकान सुटल्यापासून भेट नव्हती. दारातून आत बघून म्हणाला, "काय रे पँटवाल्या, कपाटात राहतोस होय? चल वर. खेळ बघायला आलोय, तुझं तिरपं छत बघायला नाही."

मी म्हटलं, पोरीला आवडत नाही.

"पोरीला विचारून जगायचं वय झालं आपलं, मान्य. पण ती आहे मैदानात. तिला काय कळतंय?"

त्याच्या खांद्याला धरून वर गेलो. कोपऱ्यातल्या बाकावर, खांबाआड बसलो. कितीतरी दिवसांनी मुलींना आख्खं पाहिलं. मला आधी बरंच वाटलं. पिवळा रंग खरंच उठून दिसतो.

मग समोरच्यांनी बॉल घेतला. पोरगी ओरडली, "हात वर!" आणि सगळ्या मुलींनी हात वर केले.

सगळे शर्ट वर गेले. चड्डीतून निघून थेट छातीपर्यंत. एकदम, जसं कुणी दोरी ओढल्यावर पडदा वर जावा. भिंगरीच्या आत बनियन होता, शिडीच्या नव्हता. पोट उघडं पडलं तशी मागच्या बाकांवरून कुणीतरी शीळ घातली. शिडीचे हात झपकन खाली आले. शर्ट ओढला, खोचला. तेवढ्यात समोरचीनं तिच्या बाजूनं जाऊन बॉल टाकलाही.

शर्टवाला माझ्याकडे वळला. "हे कुणी कापलेत?"

मी खांबाकडे पाहिलं.

"अरे, मुंढा कमरेपर्यंत उतरवलाय! कुणी गाढवानं..." आणि मग त्यानं माझं तोंड पाहिलं. "तू?"

"ऐसपैस असावा म्हणून," मी म्हटलं.

"ऐसपैस! अरे लेका, मुंढा जेवढा वर, तेवढा हात मोकळा. मुंढा खाली उतरवलास की बाही अंगालाच शिवल्यासारखी. हात उचलला की सगळा शर्ट सोबत उचलला जाणार. हे आमच्याकडे पोरं पहिल्या महिन्यात शिकतात!"

"मला वाटलं, शर्ट म्हणजे हातांची पँट."

"हातांची पँट!" तो एवढ्यानं म्हणाला की पुढची माणसं वळली. "पँटीत कुणी पाय डोक्यावर नेतं का रे?"

मला खाली जायचं होतं पण पुढं-मागं माणसं बसलेली, रांगेतून निघायला वाट नाही. उरलेली सगळी मॅच मला बघावी लागली. हात वर, शर्ट वर, हात खाली. प्रत्येक वेळी. मला दरवाजा दिसत होता आणि जाता येत नव्हतं.

ता. २३, रविवार

खाटेवर पडून आहे. डोक्यावर बाक, बाकांवर कुणी नाही, तरी छत खाली आल्यासारखं वाटतं.

पोरीला सांगितलं. म्हटलं, "शर्टात खोट आहे. मुंढा चुकला. मुलींना हात वर करता येत नाहीत. सगळं माझ्यामुळे."

तिनं ताट ठेवलं. "बाबा, जेवून घ्या," म्हणाली आणि मोरीत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. पाण्याची नासाडी तिला कधी चालत नाही. धक्का बसला असणार. एवढी शिकलेली कोच, रोज समोर उभी, आणि तिच्या कसं ध्यानात आलं नाही? आता मला तिचीही काळजी वाटते. डोळे तपासायला हवेत.

ता. २५, मंगळवार

कमिटीपुढे गेलो. पोरीला न सांगता. एक शर्ट पिशवीत घेतला.

अध्यक्ष आणि आणखी तिघे बसले होते. मी म्हटलं, "मुलीचा दोष नाही. खेळाडूंचा नाही. शिडीबद्दल मी जे बोललो ते परत घेतो. दोष माझा. शर्ट मी शिवले."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक हसला.

अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, बसा. पाणी घ्या. मुलीवर माया असते बापाची, कळतं आम्हाला."

"माया नाही साहेब. हे बघा, मुंढा." मी शर्ट टेबलावर पसरला. "तुम्ही स्वतः घालून हात वर करून बघा."

"मी? हा?" सगळेच हसले. "अहो, शर्टामुळे कुणी मॅच हरतं का? उद्या म्हणाल, बुटाच्या नाड्यांमुळे. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अंगणच वाकडं आहे, साहेब," मी म्हटलं. "ते मीच सारवलं."

त्यावर आणखी हसू आलं त्यांना. मी गंमत करत नव्हतो. जन्मभर लोकांनी माझ्यावर नाही ते दोष टाकले, पँट आखूड झाली, लांब झाली, गिऱ्हाईकच जाड झालं तरी दोष शिंप्याचा. आज मी दोष हातात घेऊन उभा होतो आणि तो कुणी घेईना. शर्ट घडी करून परत पिशवीत घातला. अध्यक्ष दारापर्यंत सोडायला आले, पाठीवर थोपटलं. म्हणाले, "मुलीला सांगा, शनिवारी नशीब असेल तर बघू."

ता. २७, गुरुवार

शर्टवाला कालपासून इथंच आहे. त्याला मीच बोलावलं. बोलावताना जीभ जड झाली, पण दुसरा उपाय नव्हता. आला, शर्ट बघितले, म्हणाला, "नवे कापायला कापड आहे?"

पिवळं एक बोट नव्हतं. ऐसपैसमध्ये गेलं सगळं.

"मग बगल उसवायची आणि चौकोनी तुकडा घालायचा. तिरका बसवला की हाताला जागा मिळते, शर्ट जागचा हलत नाही. पण तुकडा कशाचा?"

काळं होतं. चड्ड्यांमधून उरलेलं. पँटवाल्याचं कापड कधी कमी पडत नाही.

"दिसेल," तो म्हणाला. "पिवळ्यात काळं. हात वर केला की सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे."

दिवसभर त्यानं तुकडे कापले आणि मी बसवले. माझी ती दुहेरी शिवण, पट्टी लावलेली, शिडीच्या शर्टाची, ती उसवताना घाम फुटला. बैल जुंपले तरी उसवणार नव्हती ना. शर्टवाला बघत होता. "मूर्खपणासुद्धा पक्का करतोस," म्हणाला. त्याचं बोलणं असंच. मला बरं वाटलं.

संध्याकाळी शिडी शर्ट न्यायला आली. मी तिच्याशी काय बोलायचं ते सकाळपासून जुळवत होतो, ती समोर आल्यावर सगळं विसरलो. म्हटलं, "हात वर कर."

तिनं पोरीकडे पाहिलं. पोरीनं मान हलवली. शिडीनं हळूहळू हात वर केले आणि बोटं छताला टेकली. शर्ट चड्डीतच राहिला. तिनं खाली पोटाकडे पाहिलं, परत वर पाहिलं. मग हसली. ही पोर हसते हे मला माहीत नव्हतं.

"पोरी, मी तुला बोललो ते..."

"असू दे आजोबा."

"नाही, असू दे कसं? मी तुला आळशी म्हटलं. तू बोलली का नाहीस?"

तिनं छतावरचे हात काढलेच नाहीत. म्हणाली, "तुम्ही जेवायला लागला होतात ना."

या मुलीचं बोलणं कधी कधी कळत नाही. जेवणाचा इथं काय संबंध?

ता. २९, शनिवार

वर बसलो. यावेळी पोरीनं स्वतः हाताला धरून नेलं. मधल्या रांगेत बसवलं, शर्टवाला शेजारी. मागं तेच शीळ घालणारे होते. मी वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की एकानं विचारलं, "काय झालं आजोबा?"

सुरुवातीला मुली जुन्या सवयीनं हात वर करून पटकन खाली आणत होत्या. शर्ट ओढायला जायच्या, तर ओढायला काही नाही. भिंगरी एकदा कमरेला चाचपडून स्वतःशीच हसली. मग सवय सुटायला लागली. "हात वर!" आणि हात वर. वरच राहिले. समोरची मुलगी आली, थांबली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळीकडे हात. बॉल मागे दिला.

आणि प्रत्येक हाताखाली काळा तुकडा. सगळ्या हॉलला दिसत होता. बाकांवरचे लोक दाखवत होते, "ते बगलेत काय लावलंय?" माझी चूक एवढी उघड्यावर कधी आली नव्हती. एरवी मी मान खाली घातली असती. आज मला एकच धास्ती होती, हे काळे तुकडे दिसायचे थांबू नयेत. एखादीचा हात जरा खाली आला की मी जागेवरून अर्धा उठत होतो. शर्टवाला ओढून बसवत होता. "अरे बस, गुडघा जाईल."

शेवटी शेवटी दम संपत आला होता सगळ्यांचा. आम्ही जेमतेम पुढे. समोरच्यांची सगळ्यात चपळ मुलगी बॉल घेऊन रिंगकडे धावली, भिंगरीला चुकवलं, उडी मारली. शिडी कुठून आली कोण जाणे. नुसता हात वर होता तिचा. काळा चौकोन मला स्वच्छ दिसला. बॉल तिच्या बोटांना लागून खाली पडला.

शिट्टी वाजली. जिंकलो.

अध्यक्ष मैदानात गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "परवा मी जी झाडाझडती घेतली ना, तिचा परिणाम बघा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवू नको म्हणून शर्टवाल्यानं कोपर मारलं, तरी वाजवल्या. खोली राहिली. श्रेय कुणी का घेईना.

ता. ३०, रविवार

आज हॉल बंद आहे. डोक्यावर कुणी नाही. पोरगी खाटेच्या कडेला, जिथं वाकावं लागतं तिथं, शेजारी येऊन बसली. पुढच्या हंगामाचे कपडे शिवाल का विचारलं. मी म्हटलं, शर्ट तो कापेल, चड्ड्या मी. ती म्हणाली, चालेल.

मग मनात होतं ते मी बोललोच. काळजी पोटात ठेवून मला झोप येत नाही.

"पोरी, रागावू नकोस. चूक माझी होती, ते आहेच. पण तू कोच आहेस. रोज समोर उभी होतीस. तुझ्या कसं ध्यानात आलं नाही? तू वेळेवर सांगितलं असतंस तर शिडीला बोलणी बसली नसती, तुला कमिटीपुढे मान खाली घालावी लागली नसती."

तिनं माझ्या खांद्यावरचा दोरा उचलून टाकला.

"हो बाबा," म्हणाली. "चुकलंच माझं."

मी म्हटलं, "असू दे. माणसाच्या हातून होतं असं."

मग दोघंही जेवलो.